जुनी होडी घेण्याआधी तळाचे पाणी चाखून बघा

माझा भाचा बारा वर्षांनी कुवेतहून परत आला तो डोक्यात एक होडी घेऊनच. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यापुढे मोबाइल धरला. "मामू, बघा तरी." फोटोत एक पांढरीशुभ्र फायबरची शिडाची होडी लोखंडी घोडीवर उभी होती. लांबी चोवीस फूट, बांधणी 1980 च्या दशकातली, जात जे-24. किंमत एका जुन्या मोटारगाडीएवढी. त्याचा बेत असा की, नोव्हेंबर ते मे या उघडिपीच्या दिवसांत बायको आणि दोन मुलांना घेऊन मुंबईहून निघायचे आणि राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग असे मुक्काम करत जमेल तेवढे गोव्याकडे सरकायचे.

घरात दोन तट पडले. माझी बहीण म्हणाली, पैसे समुद्रातच टाकायचे तर पुलावरून टाक, त्रास तरी वाचेल. तिच्या नवऱ्याला मात्र आनंद झाला. आपले आजे-पणजे तांडेल होते, आपण विमानाने आखातात जायला लागलो आणि समुद्राकडे पाठ फिरवली, आता निदान एक पोरगा तरी परत वळतोय, असे त्याचे म्हणणे. मी दोघांचेही ऐकून घेतले. माझा विरोध होडीला नव्हता. आयुष्याची बरीच वर्षे मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आणि भाच्याला वाटते ते मलाही कधीकाळी वाटले होते. मला खटकले ते इतकेच की, घरातली सगळी चर्चा किमतीवर चालली होती. स्वस्त आहे की महाग, आणखी किती कमी होईल. जुन्या होडीच्या बाबतीत हा प्रश्न शेवटचा असतो. आपल्याकडे तोच पहिला विचारतात.

माझे नाना मचव्यावर तांडेल होते. कौले, मीठ, लाकूड अशी वाहतूक. गावात कोणाला जुना मचवा घ्यायचा असला की त्यांना बोलावणे यायचे. लहानपणी मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. ते आधी शिडाकडे बघत नसत, रंगाकडे तर मुळीच नाही. ओहोटीला मचवा कोरड्यावर बसला की खाली वाकून फळ्यांच्या सांध्यांत खिळ्याचे टोक रोवून बघायचे. मग आत उतरून, तळातल्या फळ्या उचलून, साचलेल्या पाण्यात बोट बुडवायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. मला किळस यायची. पाणी खारे लागले तर नाना विशेष काही बोलत नसत. लाकडी होडी थोडीफार पाझरतेच, सांधे पुन्हा भरता येतात. पाणी गोडे लागले की मात्र त्यांचा चेहरा बदलायचा. गोडे म्हणजे पावसाचे. म्हणजे वरून येतेय, डेकच्या फटीतून, आणि किती पावसाळे येतेय ते कोणालाच माहीत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकते, गोड्या पाण्यात कुजते. होडी बुडते खाऱ्या पाण्यात, पण तिला आतून खाते ते गोडे पाणी.

हे लाकडी मचव्यांचे जुने शास्त्र झाले, फायबरच्या होडीला त्याचे काय, असे भाचा म्हणाला. बहुतेक लोकांची इथेच फसगत होते. फायबरची होडी म्हणजे अखंड फायबर अशी आपली समजूत असते. जे-24 सारख्या होडीत तसे नसते. वजन कमी राहावे आणि पत्रा ताठ राहावा म्हणून फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे ठोकळे भरलेले असतात. पोळीत पुरण असावे तसे. जोवर ते पुरण कोरडे आहे तोवर डेक दगडासारखा. पण डेकवर कठड्याचे खांब असतात, दोर ओढायच्या चक्र्या असतात, तारा बांधायच्या पट्ट्या असतात, आणि त्या प्रत्येकासाठी त्या थरांना भोक पाडलेले असते. भोकाभोवतीचे लांबण आठ-दहा वर्षांत सुकते, तडकते, आणि कोकणातला एकेक पावसाळा थेंबाथेंबाने त्या बाल्सात उतरत राहतो. वरून चकचकीत पांढरा रंग, आत ओला भुसा.

ते ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. पाण्याचा अंश मोजणारे मीटर असते आणि सर्वेक्षक ते वापरतात, पण स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ किंवा जुना जाड चमचा पुरतो. डेकवर वीतवीत अंतरावर ठोकत जायचे. कोरड्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. पाणी शिरलेल्या जागी तो एकदम बसतो, ओल्या कणकेवर थाप मारावी तसा. सोबत खडू ठेवावा आणि बद्द वाजेल तिथे खूण करत जावे. त्या होडीवर मी तासभर ठोकत होतो. डोलकाठीच्या पुढचा बहुतेक भाग ठीक निघाला. मागे, उजव्या बाजूला कठड्याच्या दोन खांबांभोवती आणि चक्रीच्या बैठकीखाली खडूची गोल वर्तुळे एकमेकांना जाऊन मिळाली.

आत उतरून मी तळाचे पाणी चाखले. गोडे होते. होडीचा मालक, सभ्य आणि शिकलेला गृहस्थ, बाजूलाच उभा होता. तो हसून म्हणाला, "या होडीत डोलकाठी डेकमधून खाली तळापर्यंत जाते, तिच्याबरोबर पावसाचं पाणी आत येणारच." खरे होते ते. जे-24 ची रचना तशीच आहे, आणि नुसत्या गोड्या चवीवरून डेक कुजला असा निकाल देणे अन्यायाचे ठरेल. म्हणूनच चवीबरोबर चमचा लागतो. मी त्याला बाहेर नेऊन खडूची वर्तुळे दाखवली. त्याने खांदे उडवले. "पाऊस आहे. तो सगळ्यांच्याच होड्यांवर पडतो."

ते वाक्य ऐकून मला जे आठवले ते माझ्या बहुतेक मुस्लिम वाचकांनाही आठवले असेल. इतरांसाठी सांगतो. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारले ते एवढेच की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवलेस. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असेही सुनावले. मला त्यातली दोन्ही माणसे महत्त्वाची वाटतात. पाऊस हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता, ओल लपवणे हा होता. आणि दुसरे, हात आत घालून बघितला गेला. बघणारा नुसत्या विश्वासावर पुढे गेला नाही.

जुन्या होड्यांच्या व्यवहारात एक ठरलेले वाक्य असते, आहे तशी आणि आहे तिथे. एकदा हे लिहून दिले की विकणारा सुटला. कायद्याने तो सुटतही असेल, पण मला ते पटत नाही. आपल्या फिकहमध्ये लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे. हे मी धर्माचे गोडवे गाण्यासाठी सांगत नाही. आपल्यातले किती लोक गाडी विकताना किलोमीटरचा काटा मागे फिरवतात ते मला माहीत आहे. सांगायचे ते व्यवहाराचे. मोटारीतला लपवलेला दोष तुम्हाला रस्त्याच्या कडेला उभे करतो. होडीला कड नसते. म्हणून ज्याला माहीत आहे त्याने सांगितलेच पाहिजे, आणि 'मला माहीत नव्हते' म्हणणाऱ्याने आपल्या मालाला कधी चमचा तरी लावून बघायला हवा होता.

तरीही सांगेन, ओला डेक ही त्यातल्या त्यात माफ करण्याजोगी गोष्ट आहे. वेळ, पैसा आणि खाज सोसायची तयारी असेल तर वरचा थर कापून, कुजका बाल्सा काढून, नवा भरता येतो. माझी झोप उडवतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी.

एक म्हणजे तळाखालचे वजन. अशा होडीच्या पोटाखाली माशाच्या परासारखा जड धातूचा कणा बोल्टने जोडलेला असतो. वारा शिडाला आडवे पाडतो आणि हा कणा तिला पुन्हा उभी करतो. जे-24 मध्ये तो चारशे किलोंहून जड आहे, एकूण वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. 2014 साली चीकी राफिकी नावाची चाळीस फुटी होडी अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना भर अटलांटिकमध्ये हरवली. चार माणसे होती, चौघेही गेले. होडी सापडली ती उलटी, आणि कणा जागेवर नव्हता. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने जो अहवाल दिला त्यात पूर्वी तळ जमिनीला लागण्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी तो जोड आतल्या आत अशक्त झाला असण्याची शक्यता मांडली आहे. ती होडी शर्यतीतली, नावाजलेल्या कारखान्यात बांधलेली होती. तेव्हा मालकाला विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न हा की, ही कधी खडकाला किंवा वाळूला लागली होती का? आणि उत्तर काहीही आले तरी खाली पाठीवर झोपून जिथे कणा पोटाला मिळतो ती रेघ बघायची. पुढच्या टोकाला हसल्यासारखी बारीक फट दिसली, बोल्टच्या मुळाशी तांबूस ओघळ दिसला, कण्याच्या मागच्या बाजूला आत केसासारख्या चिरा दिसल्या, तर ती होडी समुद्रात न्यायच्या आधी जाणत्या माणसाने बोल्ट काढून बघायला हवेत. नाही तर सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट डोलकाठीच्या तारा. इथे स्टेनलेस स्टीलच्या नावाला भुलू नका. साधी जस्त चढवलेली तार गंजते ती उघड गंजते, तिचे दुखणे दिसते. स्टेनलेस हवा लागते तोवर चमकते, पण जिथे हवा पोहोचत नाही आणि खारट ओल साचते, म्हणजे तारेच्या टोकावरच्या नळीत किंवा डेकमधून खाली जाणाऱ्या पट्टीच्या मधल्या बोटभर भागात, तिथे ती आतून पोखरते. आणि तुटते ती न सांगता. जे-24 मध्ये या पट्ट्या डेकमधून उतरून आतल्या प्लायवूडच्या आडभिंतीला बोल्टने धरलेल्या असतात. डेकच्या त्या भोकातून गोडे पाणी आलेच, तर तेच पाणी पट्टीही खाते आणि भिंतही कुजवते. मी पट्टीशेजारच्या प्लायवूडवर अंगठा दाबला. दबला नाही, पण लाकूड काळे पडले होते. तारा कधी बदलल्या याची पावती मालकाकडे नव्हती. परदेशात विमा कंपन्या साधारण दहा वर्षांनंतर त्याबद्दल विचारू लागतात. आपल्या दमट हवेत त्याहून लवकर विचारावे. पावती नसेल तर तारा जुन्या आहेत असेच धरायचे आणि नव्या तारांचा खर्च मनातल्या मनात किमतीत मिळवायचा. शिडांचेही तसेच. कापड धड दिसते, पण उन्हाने शिवण आधी जाते. शिवणीच्या दोऱ्याखाली नख घालून ओढून बघा. तारा आणि शिडे दोन्ही नवी घ्यायची झाली तर त्या खर्चात दुसरी जुनी होडी येते.

इंजिनावर मी फार बोलणार नाही, जरी माझा धंदा तोच. या होडीला मागे टांगायचे छोटे पेट्रोल इंजिन आहे. आपण पोहोचण्याआधी ते चालवून गरम करून ठेवलेले नाही ना, हे हात लावून बघा आणि थंड असतानाच सुरू करायला सांगा. बाजूने पाण्याची बारीक धार सुटते की नाही ते बघा. फार तर बदलता येते. फक्त हे लक्षात असू द्या की लाटांवर होडीची शेपटी उचलली गेली की टांगलेल्या इंजिनाचा पंखा हवेत फिरतो, आणि नेमका खाडीच्या तोंडाशी तो हवेत फिरणे परवडत नाही.

इथवर मी कोणत्याही समुद्राबद्दल बोलत होतो. आता आपल्या किनाऱ्याबद्दल. मला वाटते भाच्याचा खरा प्रश्न तिथे होता, डेकमध्ये नव्हता.

जे-24 ही नामांकित होडी आहे. अमेरिकेतल्या रॉड जॉनस्टन यांनी पहिली होडी स्वतःच्या गॅरेजात बांधली, आणि 1977 पासून आजवर जगभर पाच हजारांहून जास्त बांधल्या गेल्या. तिच्यात वाईट काही नाही. पण ती बांधली शर्यतीसाठी. पाच धडधाकट माणसे एका काठावर ओळीने बसून तिला सपाट ठेवतील, असे धरून तिची शिडे बेतलेली आहेत. भाच्याकडे बायको, एक नऊ वर्षांचा आणि एक सहा वर्षांची. दुपारी वायव्येचा खारा वारा चढला की ती चौघे तिला धरून ठेवणार नाहीत. शीड आखूड करायची सोय असलीच पाहिजे आणि लवकर आखूड केले पाहिजे. बसायच्या जागेखालच्या पेट्यांची झाकणे उघडी राहिली आणि होडी आडवी झाली तर पाणी थेट पोटात शिरते. अशा प्रकारे या जातीच्या होड्या बुडालेल्या आहेत आणि म्हणून शर्यतीच्या नियमातच झाकणे बंद ठेवण्याची सक्ती आहे. सहा वर्षांची मुलगी खाऊ काढायला पेटी उघडते तेव्हा तिला तो नियम माहीत नसतो. आत उभे राहता येत नाही, जेमतेम बसता येते. (नमाज बसून पढावी लागेल, म्हणाला. मी म्हटले, लाटांवर तशीही बसूनच पढशील.) पुढे नांगर सोडायला चाक नाही, आणि शर्यतीत दाखवण्यापुरता जो हलका नांगर ठेवतात त्यावर मुरूडच्या उघड्या पाण्यात मी मुलांना झोपवणार नाही.

आणि तिला पाणी लागते सव्वा मीटर. ऐकायला थोडे वाटते. पण आपल्या किनाऱ्यावरचा आसरा म्हणजे खाड्या, सावित्रीची, वाशिष्ठीची, शास्त्रीची, आणि बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचलेली. चाळीसेक सागरी मैलांचा दिवस संपवून संध्याकाळी तुम्ही खाडीच्या तोंडाशी पोहोचता तेव्हा ओहोटी असू शकते. उथळ होडी आत जाते. कण्याची होडी बाहेर उभी राहून भरतीची वाट बघते, नाही तर वाळूला लागते, आणि लागली की कण्याच्या त्या जोडावर पुन्हा एक घाव. भर उधाणात पाणी फार उतरले तर ती एका कुशीवर आडवी पडते. खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांची डोल जाळी लावलेली असतात. कणा, सुकाणू आणि पंखा तिन्ही त्यात अडकायला टपलेले. अंधारात त्यांची खूण दिसत नाही. त्यात जाळे फाटले तर ते एका घराचे महिन्याचे पोट असते, हेही भाच्याला सांगितले. त्याच्या आईकडची अर्धी नाती मासेमारीतली आहेत, तेव्हा त्याला ते कळायला वेळ लागला नाही.

शेवटी पावसाळा. जून ते सप्टेंबर होडी कुठे? आपले मच्छीमार काय करतात ते बघा. लहान होडी ओंडक्यांवरून, दहा-बारा माणसांच्या दोरीने वर ओढतात आणि झावळ्यांनी शाकारून ठेवतात. तिचा तळ त्यासाठीच तसा असतो. खाली सव्वा मीटरचा धातूचा पर असलेली चौदाशे किलोंची होडी ओंडक्यांवरून ओढता येत नाही. तिला क्रेन लागते आणि घोडी लागते, म्हणजे मुंबई किंवा गोवा, म्हणजे वर्षाचे भाडे. आणि चार महिने ती उघड्यावर, निळ्या ताडपत्रीखाली, हवा न खेळता. पुन्हा तेच गोडे पाणी, तोच बाल्सा.

आता एक गोष्ट जी होडीच्या कोणत्याही पुस्तकात नसते. कागद. बाहेरदेशी बांधलेली असेल तर ती आयात झाल्याचे आणि जकात भरल्याचे कागद, नोंदणी, आधीच्या प्रत्येक विक्रीची पावती, विमा. साखळीतला एक दुवा नसेल तर सौदा नको. हे मी कोणालाही सांगितले असते. भाच्याला मात्र मी ते दोनदा सांगितले, आणि दुसऱ्यांदा का सांगतोय ते त्याला कळले. 2008 च्या नोव्हेंबरात मारेकरी समुद्रातून मुंबईत उतरले, तेव्हापासून या किनाऱ्यावर अनोळखी होडीला हटकले जाते, आणि ते योग्यच आहे. गस्तीच्या होडीने हटकले की नाव विचारतात. आपले नाव ऐकल्यावर पुढचे प्रश्न थोडे लांबतात, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. राजिवड्यातल्या कोणत्याही खलाशाला विचारा. त्याला उपाय दोन. कागदांची फाइल प्लास्टिकमध्ये, हाताशी. आणि प्रत्येक मुक्कामाला बंदरावर आणि पोलीस चौकीत आपण होऊन जाऊन सांगायचे की आम्ही इतके जण, इकडून आलो, उद्या तिकडे जाणार. त्यात कमीपणा नाही. उलट वारा फिरला आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत पोहोचला नाहीत तर तुमची वाट बघणारे कोणीतरी असते. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

भाच्याचा एक मित्र मला म्हणाला की चाचा, तुम्ही घाबरवता. स्वस्तात घ्यायची, वापरत वापरत दुरुस्त करायची, सगळे तसेच करतात. घरासाठी, स्कूटरसाठी हे बरोबर आहे. होडीत दुरुस्तीचा क्रम तुम्ही ठरवत नाही, समुद्र ठरवतो. आणि सर्वेक्षकाची फी वाचवण्यात तर मला कधीच शहाणपण दिसले नाही. मीही यातला जाणता असूनसुद्धा भाच्याला म्हटले की माझ्यावर थांबू नकोस, मी तुझा मामू आहे, तुझा आनंद बघून माझाही चमचा हलका पडेल. होडीशी आणि मालकाशी काही देणेघेणे नसलेला माणूस आण. लग्नात जशी चौकशी तिसऱ्याकडे करतात तसे.

सौदा झाला नाही. पण आठ दिवसांनी मालकाचा फोन आला. खडूच्या वर्तुळांत त्याने एक लहान भोक पाडून बघितले होते. आतून चहासारखे पाणी आले आणि ओलसर तपकिरी भुगा. त्याला खरेच माहीत नव्हते, असे त्याच्या आवाजावरून मला वाटले. त्याने किंमत बरीच खाली आणली आणि पुढच्या ग्राहकाला हे आधीच सांगणार असल्याचेही म्हणाला. भाचा पुन्हा डळमळला. मी एवढेच विचारले की जूनमध्ये तिला ओढणार कोण.

आता तो एका दुसऱ्या होडीच्या मागे आहे. एकवीस फूट, कुरूप, हिरवा रंग उडालेला, पण कणा वर उचलता येणारा; उचलला की गुडघाभर पाण्यात जाते. वाऱ्यावर चढायला ती पहिलीइतकी चलाख नसेल, आणि उचलत्या कण्याचे स्वतःचे रोग असतात. ज्या खिळीवर तो फिरतो ती झिजते, ज्या तारेने उचलतात ती तुटते, आणि ज्या खोबणीत तो बसतो तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. ती चिखलात बसलेली असताना बघण्यात अर्थ नाही, वर उचलून खालून बघावी लागेल. येत्या अमावास्येच्या ओहोटीला जायचे ठरले आहे. बहीणही येते म्हणाली, होडी बघायला नाही, आम्हा दोघांवर लक्ष ठेवायला. बॅगेत टॉर्च, खडू आणि तिच्याच स्वयंपाकघरातला जाड चमचा भरून ठेवला आहे. तळाचे पाणी या वेळी भाच्याने चाखायचे, हे ठरले आहे.